कोकणातून येणाऱ्या आईबाबांना ठाण्याला उतरवायचं की पनवेलला? ठाणे स्टेशनबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न असा आहे की आईबाबा कणकवलीहून मांडवी एक्स्प्रेसने येणार, बाबांचं वय ७६, गुडघ्याचा त्रास, तुम्ही कोपरखैरणेला राहता, तर त्यांना पनवेलला उतरवावं की ठाण्याला, ठाण्याची गर्दी झेपेल का. आणि शेवटी लिहिलंय की बाबा रिटायर्ड मास्तर आहेत, पहिली रेल्वे जिथे आली ते स्टेशन त्यांना बघायचंय, तिथे बघण्यासारखं काय आहे. मी रेल्वेत टीसी होतो, नोकरीतली बरीच वर्षं ठाण्यात गेली आणि आता राहतोही कोपरीतच, म्हणजे स्टेशन सुटलेलं नाही. तेव्हा दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्रच देतो, कारण माझ्या मते ती एकत्रच आहेत.

आधी एक सांगतो. तुम्ही गर्दीला घाबरताय, पण म्हाताऱ्या माणसाला ठाण्यात खरा त्रास गर्दीचा होत नाही, चुकीच्या जिन्याचा होतो. गर्दी दहा मिनिटांत ओसरते, थांबलं की झालं. पण चुकीच्या टोकाला उतरलात, चुकीच्या पुलावर चढलात, मग वरून कळलं की आपल्याला पलीकडे जायचं होतं, की तो दुखरा गुडघा दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. म्हणून ठाण्यात कुठून कुठे जायचंय हे गाडी यायच्या आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

आता पनवेल की ठाणे. हे तुम्ही त्यांना कशाने नेणार यावर आहे. घरची गाडी किंवा टॅक्सी असेल आणि पाऊस नसेल तर पनवेल चांगलं, मांडवी तिथे जरा जास्त वेळ थांबते, उतरायला धांदल होत नाही, आणि तिथून कोपरखैरणेपर्यंत मोठा रस्ता आहे. पण लोकलने नेणार असाल तर मी ठाणंच सांगेन, कारण ठाण्याहून कोपरखैरणेला जाणारी लोकल ठाण्यातच सुटते, रिकामी लागते, बसायला मिळतं, आणि मधे फक्त दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली एवढी स्टेशनं. पनवेलहूनही ठाण्याकडे जाणारी लोकल कोपरखैरणेला थांबते, पण तो प्रवास बराच लांबचा, सीवूड्स, नेरूळ, जुईनगर, तुर्भे करत, आणि दिवसभर गाडीत बसून आलेल्या माणसाला परत तेवढं बसवायचं नको वाटतं.

आणि अजून ठरत नसेल तर एक करा, रिझर्वेशन ठाण्यापर्यंतचंच काढा. ठाण्याचं तिकीट असताना पनवेलला उतरलं तर कोणी अडवत नाही, पण पनवेलचं तिकीट घेऊन ठाण्यापर्यंत आलात तर तो विनातिकीट प्रवास होतो आणि दंड भरावा लागतो. भाड्यात फरक थोडाच असतो. माझ्याकडे अशी कितीतरी माणसं यायची, "साहेब मुलाचा फोन आला ठाण्यालाच उतरा म्हणून", आणि हातात पनवेलचं तिकीट. त्यांचा हेतू वाईट नसायचा पण नियम तो नियम, आणि म्हाताऱ्या माणसाची पावती फाडताना मला कधीच बरं वाटलं नाही. ठाण्यापर्यंतचं तिकीट असलं की दोन्ही दारं उघडी राहतात.

आता स्टेशन. ठाणे स्टेशन हे एक स्टेशन समजू नका, वेगवेगळ्या काळात बांधलेली तीन स्टेशनं एकमेकांना चिकटून उभी आहेत असं समजा. प्लॅटफॉर्म पश्चिमेकडून मोजायला लागा, म्हणजे सॅटिस (स्टेशनबाहेरचा बसचा उंच पूल), गावदेवी, तलावपाळीच्या बाजूने. १ ते ४ साधारण स्लो गाड्यांचे. ५ आणि ६ फास्टचे. ७ आणि ८ वर मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्या, पण त्या कधी ५-६ वरही घेतात, म्हणून इंडिकेटर आणि अनाउन्समेंट दोन्हीकडे लक्ष ठेवा. आणि सगळ्यात पूर्वेला, कोपरीच्या बाजूला, ९, १० आणि १०अ, हे ट्रान्स हार्बरचे, म्हणजे तुमच्या कोपरखैरणेचे. थोडक्यात काय तर जुनं ठाणं पश्चिमेला आणि नवी मुंबई पूर्वेला, आणि बाबांची गाडी येणार या दोघांच्या मधे, नवी मुंबईच्या बाजूला जवळ. म्हणून म्हणतो की ठाणं तुम्हाला सोयीचं आहे. ७ किंवा ८ वर उतरलात तर ९-१० शेजारीच, एकदाच चढायचं आणि एकदाच उतरायचं. पश्चिमेला जायचा प्रश्नच नाही.

हे असं का झालं ते बाबांना सांगा, त्यांना आवडेल. १६ एप्रिल १८५३, शनिवार होता, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली, १४ डबे, ४०० च्या आसपास निमंत्रित माणसं, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि तासाभराच्या आसपास ३४ किलोमीटर कापून ती ठाण्याला आली. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण ठाण्यालाच का थांबली हे फारसं कोणी विचारत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला प्रयोग म्हणून जी लाइन टाकायची होती ती कल्याणपर्यंतची होती, कारण कंपनीचा डोळा घाटावरच्या कापसावर होता, ठाण्यावर नव्हे. ठाण्याच्या पुढे खाडी. खाडीवरचा पूल आणि पारसिकच्या डोंगराचं काम पुरं होऊन गाडी कल्याणला पोचली ती १ मे १८५४ ला. म्हणजे वर्षभर देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचं शेवटचं स्टेशन ठाणं होतं, आणि ते खाडीमुळे होतं. ही रेल्वे यावी म्हणून ज्यांनी जीव टाकला त्यात आपले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते, हेही सांगा, मास्तर माणसाला हे ठाऊक असेलच.

त्या खाडीने पुढेही स्टेशनाचा आकार ठरवला. पहिली लाइन डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडून गेली, आजच्या स्लो गाड्या कळवा-मुंब्रा करत त्याच अंगाने जातात. मग गाड्या वाढल्या, तो वळसा पुरेना, म्हणून डोंगर सरळ आरपार फोडून पारसिकचा बोगदा केला, तो १९१६ साली सुरू झाला, १.३ किलोमीटर लांब. फास्ट आणि मेल गाड्या त्यातून जायला लागल्या. मग कित्येक दशकं फास्ट लोकल आणि लांबच्या गाड्या एकाच रुळावर एकमेकींच्या मागे उभ्या राहायच्या, बोगद्याच्या अलीकडे थांबलेल्या मेलमध्ये लोकांनी किती तास काढले असतील त्याला हिशोब नाही. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये पुरी झाली तेव्हा कुठे लांबच्या गाड्यांना स्वतःची वाट मिळाली. आणि ट्रान्स हार्बर तर अगदी अलीकडची, नोव्हेंबर २००४. ती सुरू झाली तेव्हा मी ड्युटीवर असायचो. त्याआधी ठाण्याहून वाशीला जायचं म्हणजे एकतर बस, नाहीतर कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडायची, म्हणजे खाडीच्या पलीकडे दिसणाऱ्या गावाला जायला अर्धी मुंबई फिरायची. ऐरोली आणि घणसोलीत ऑफिसं उभी राहिली आणि ९-१० नंबरवर सकाळी पाय ठेवायला जागा उरली नाही.

तर हा इतिहास नुसता पाठ करायला नाही, त्याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. बाबांना सांगून ठेवा, दिवा गेलं की गाडी बोगद्यात शिरते. बोगदा लागला की उठायचं, सामान सीटखालून काढायचं आणि दाराकडे सरकायचं. बोगदा संपला की कळव्याचं कारशेड, मग खाडीचा पूल, पुलाचा आवाज बदलतो ते झोपलेल्या माणसालाही कळतं, आणि पूल संपला की ठाणं. रात्रीच्या अंधारात बाहेरचं काही दिसत नाही, मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, ॲप मागेपुढे दाखवतं, पण बोगदा आणि पूल कधी चुकत नाहीत. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते हे लक्षात घ्या.

हे एवढं ठासून का सांगतोय तर एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. मे महिना, कोकणातून आलेली गाडी, एक आजोबा-आजी. आजोबा आधी उतरले, मग एकेक सामान खाली घ्यायला लागले, आंब्याची पेटी, तांदळाची पिशवी, मग गोणपाटात गुंडाळलेला फणस. आजी दारात उभी राहून आतून सामान पुढे करत होती. मागे दोन माणसं चढायला घाई करतायत. फणस आजोबांच्या हातात आला आणि गाडीने झटका घेतला. आजी दारातच. मी पाच-सहा पावलांवर होतो, एक हमाल माझ्याही आधी पोचला, त्याने आजीला ओरडून सांगितलं "आजी, आतच राहा, उतरू नका, दादरला उतरा". आणि आजीने ऐकलं, दांडा धरून आत राहिली, म्हणून वाचली. आजोबा फणस छातीशी धरून तसेच उभे, गाडी गेली त्या दिशेला बघत. मग दादरला फोन लावला, तिथे आजीला उतरवून बसवून ठेवलं, आजोबांना लोकलने पाठवलं, सगळं नीट झालं. पण त्या पाच सेकंदांत काय होऊ शकलं असतं ते मला माहितीये, नोकरीत मी ते बघितलंय. म्हणून तुमच्या आईबाबांना तीन गोष्टी सांगा. आधी माणसं उतरणार, आई पहिली, मग बाबा, सामान शेवटी आणि तेही तुम्ही डब्यात न चढता दारातून घेणार. सामान राहिलं तर राहू दे, पुढच्या स्टेशनवरून परत मिळवता येतं, १३९ ला फोन करायचा. आणि गाडी हलली तर जो जिथे आहे तिथेच राहायचं.

त्यासाठी तुम्ही डब्यासमोर उभे असायला पाहिजे, जिन्याजवळ नाही. डब्याची पोझिशन इंडिकेटरवर येते, नाहीतर स्टॉलवाल्याला विचारा, त्या लोकांना कुठला डबा कुठे लागतो ते तोंडपाठ असतं. गाडीने न्यायला येत असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा, १० रुपये, दोन तास चालतं. आणि लोकलने नेणार असाल तर आईबाबांचं ठाणे-कोपरखैरणे तिकीट वेगळं लागतं, मांडवीचं तिकीट ठाण्यालाच संपतं, हे बरेच जण विसरतात. ते तुम्ही गाडी यायच्या आधीच खिडकीवरून किंवा एटीव्हीएमवरून, म्हणजे तिकिटाच्या मशीनवरून, काढून खिशात ठेवा, त्यांना उतरवून मग रांगेत उभं राहू नका.

व्हीलचेअर. मिळते, स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात मागायची, पण गाडी आल्यावर नाही, अर्धा तास आधी. ओळखपत्र जवळ ठेवा. ढकलायला हमाल घेतलात तर पैसे आधी ठरवा, आणि बिल्ला बघून घ्या. बाबा म्हणतील मला खुर्ची नको, मी काय आजारी आहे का, सगळे असंच म्हणतात. त्यांना खुर्चीत सामान ठेवायला सांगा आणि ती हाताने धरून चालायला सांगा, थोड्या वेळाने आपण होऊन बसतात, हा माझा अनुभव आहे.

लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण प्रत्येक पुलाला, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर असतीलच असं धरून चालू नका, आणि दुरुस्तीसाठी एखादं बंदही असतं. म्हणून माझा आग्रह आहे की त्याच आठवड्यात एकदा कोपरखैरणेहून लोकलने ठाण्याला या, १० नंबरला उतरा, ७-८ वर जा, परत ९-१० वर या. वीस मिनिटांचं काम आहे. कुठली लिफ्ट चालू आहे, कुठल्या पुलाच्या पायऱ्या कमी उंच आहेत, बसायला बाक कुठे आहे हे स्वतः बघा. इथे मी कितीही लिहिलं तरी त्याची सर येणार नाही, कारण ठाण्यात सतत काही ना काही बदलत असतं. मे २०२४ अखेरीला ५ नंबर रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता, दोन-तीन मीटर जागा वाढली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथे उभ्या राहणाऱ्यांच्या सवयीच्या जागासुद्धा बदलल्या.

वेळेचं. मांडवी रात्री येते, तेव्हा ऑफिसवाले नवी मुंबईहून ठाण्याला परतत असतात. म्हणजे ९-१० वर जी गाडी येते ती भरून येते आणि तीच रिकामी होऊन तुम्हाला घेऊन जाते. अडचण एवढीच की ती रिकामी होताना सगळा लोंढा तुमच्या अंगावर जिन्यावरून येतो. तेव्हा ७-८ वर उतरल्यावर लगेच निघू नका. बाकावर बसवा, पाणी द्या, चहा घ्या. खाली लोकल लागली, लोंढा वर आला, ओसरला, की मग निघायचं. एक लोकल सुटली तर सुटू दे, पुढची येते. पहाटेची कोकणकन्या घेतली असती तर हा प्रश्नच नव्हता, पहाटे स्टेशन शांत असतं, पण रात्रभराचा प्रवास त्यांना झेपतो का ते तुम्हाला जास्त ठाऊक. पावसाळ्यात येणार असतील तर कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, तेव्हा जुन्या वेळेवर जाऊ नका.

गाडीने न्यायला येणार असाल तर पूर्वेला या, कोपरीच्या बाजूला. ऐरोली पुलावरून हायवेला लागून कोपरीत उतरायचं, ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना तिथला टोलही नाही. पूर्वेला सॅटिसचं काम चालू असल्यामुळे स्टेशनच्या तोंडाशी गाडी उभी करायला जागा नसते, जरा अलीकडे लावा आणि फोनवर बोलवा. कळवा मार्गे येणार असाल तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी भरतं, तेव्हा तो रस्ता पावसाळ्यात धरू नका. पश्चिमेला शक्यतो येऊच नका, वर सॅटिसवर टीएमटीच्या बस, खाली रिक्षा, त्यात खाजगी गाडी घालायची म्हणजे तुमचाही वेळ आणि इतरांचाही.

आता बाबांच्या इच्छेचं. १८५३ ची इमारत शोधायला आलात तर निराश व्हाल, ती नाही. बोरीबंदरचंही ते मूळ स्टेशन नाही, तिथे आज १८८८ ला पुरी झालेली सीएसएमटीची इमारत आहे. पण म्हणून बघण्यासारखं काही नाही असं मी मानत नाही. आल्याच्या रात्री काही दाखवू नका, त्यांना घरी न्या, झोपू दे. मग एखाद्या रविवारी दुपारी, उन्हं उतरल्यावर, परत ठाण्याला आणा. पश्चिमेला बाहेर पडून तलावपाळीवर बसवा, कौपिनेश्वर जवळच आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय आहे १८९३ चं, पुस्तकांच्या माणसाला ते दाखवाच, आणि थोडं पुढे जुन्या किल्ल्यातला तुरुंग, जिथे १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. बाहेरूनच बघायचा, पण शिकवलेला धडा जिथे घडला तिथे उभं राहायला मास्तर माणसाला वेगळं वाटतं. रिक्षाने सगळं होतं, गुडघ्याला त्रास नाही. पूर्वेला चेंदणी कोळीवाडा आहे आणि पश्चिमेलाही चेंदणी आहे, मधून रेल्वे गेली आणि एका गावाचे दोन भाग झाले, हेही त्यांना दाखवा. रेल्वे आली म्हणजे नेमकं काय झालं ते तिथे दिसतं.

आणि परत जाताना अंधार पडायच्या आत निघा, म्हणजे उजेड हवा. लोकल सुटायच्या जागेवरच रिकामी मिळते, बाबांना डाव्या हाताच्या खिडकीत बसवा. ठाणं सोडलं की दोन मिनिटांत खाडी येते, आणि डावीकडे मेन लाइनचे पूल दिसतात. पूल आता नवे आहेत, खाडी तीच, जिच्या अलीकडे ती पहिली गाडी वर्षभर थांबून होती. भरती असेल तर पाणी वरपर्यंत असतं आणि ओहोटी असेल तर चिखलात बगळे. तेवढं बघून होईपर्यंत दिघा येतं.

गाडीची तारीख आणि डबा ठरला की लिहा, त्या दिवशी मी कोपरीतच असेन, सात नंबर प्लॅटफॉर्मवर येऊन उभा राहीन.